माझ्या हातची टिक

डॉक्टर बाईंनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर पेनाचं टोक ठेवलं. "एसएस पॅटर्न आला आहे. म्हणजे सिकल सेल डिसीज. तुमची मुलगी नुसती वाहक नाही, तिला आजारच आहे."

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातला मुलांचा वॉर्ड होता तो. माझी प्रज्ञा, तेरा वर्षांची, चार खाटा सोडून पलीकडे सलाईन लावून पडली होती. तिच्या मांड्या इतक्या दुखत होत्या की अंगावर चादर टाकली तरी ती कण्हायची.

"हिची आधी कधी तपासणी झाली होती का?" बाईंनी विचारलं.

"हो, झाली ना," मी म्हटलं. "निगेटिव होती."

"कुठे झाली? कोणी केली?"

मी गप्प राहिली. बाईंना वाटलं मला धक्का बसला आहे. त्यांनी मला पाणी दिलं. मला धक्का बसला होता हे खरं, पण गप्प बसायचं कारण दुसरं होतं. त्या दोन प्रश्नांचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. इथं देणार आहे. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे, किंवा उद्या निघेल, त्यांच्यासाठी लिहून राहिली आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं नाव वंदना. मी अंगणवाडी कार्यकर्ता आहे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यापासून जवळ, तिगावच्या बाजूला आमचं गाव. प्रज्ञाचे पप्पा पांढुर्ण्यात मोटार वाइंडिंगचं काम करतात. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, तार भरायची, परत बसवून द्यायची. आम्हाला ही एकच मुलगी.

दुखणं दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा सुरू झालं. शाळेतून आली की म्हणायची, "मम्मी, पाय ठणकून राहिले." मी म्हणायची, मोबाइल पाहत बसते, अभ्यास नको म्हणून पाय दुखतात. एकदा तिनं झाडू मारायला नाही म्हटलं तेव्हा मी तिला पाठीत धपाटा दिला. ती रडली नाही, खाली बसली आणि दोन्ही हातांनी पिंढऱ्या धरून राहिली. आजही ते आठवलं की मला माझ्या हाताची शिसारी येते.

मग डोळे पिवळे झाले. सगळे म्हणाले कावीळ आहे. आम्ही तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं गळ्यात काड्यांची माळ घातली, डोक्यावर चुन्याचं पाणी ओतलं आणि पिवळं झालेलं पाणी परातीत दाखवलं. "पाहा, निघून राहिली कावीळ." मी, जी गावातल्या बायांना असल्या माणसाकडे जाऊ नका म्हणून सांगते, तीच मी ओळीत बसली होती. प्रज्ञा थंडीनं कुडकुडत होती. आता कळते की सिकल सेलच्या लेकराला थंड पाणी हेच सगळ्यात वाईट.

त्यानंतर एका खाजगी दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. तिथल्या चादरीवर आधीच्या कोणाचं तरी रक्त वाळलेलं होतं. कंपाउंडरच्या गालात गुटखा होता आणि गुटखा चोळलेल्या हातानंच तो सुई लावत होता. दुखण्यानं प्रज्ञा ओरडली तर तो म्हणाला, "नौटंकी है, इस उमर की लड़कियाँ करती हैं." मी त्याला काही बोलली नाही. सुई नीट लागावी म्हणून बोलली नाही.

डॉक्टरनं मात्र एक बरोबर प्रश्न विचारला होता. "सिकल सेल की जांच हुई है?"

मी म्हटलं, "हाँ सर, निगेटिव है."

त्यानं मान डोलावली आणि टायफॉइडची औषधं लिहिली. मग ताकदीची इंजेक्शनं. मग वाढत्या वयाचं दुखणं म्हणून सांगितलं. तीन महिने आम्ही तिथंच जात राहिलो.

होळीच्या आठ दिवस आधी सकाळी ती अंथरुणावरून उठलीच नाही. छातीत, पाठीत, मांड्यांत एकदम कळा. आवाज इतका मोठा की शेजारची माणसं धावून आली. प्रज्ञाच्या पप्पांनी तिला उचललं, पांढुर्ण्याला आणलं आणि मिळाली त्या गाडीनं आम्ही नागपूरला निघालो. डब्यात ती माझ्या मांडीवर होती. समोरच्या बाईनं तिचे पिवळे डोळे पाहिले आणि आपली मुलगी उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

नागपूरला लगेच भरती केलं. सलाईन, दुखण्याचं औषध, दुसऱ्या दिवशी रक्त. रक्त चढवायच्या आधीच एचपीएलसी नावाच्या तपासणीसाठी नमुना घेतला होता. यात मशीन रक्तातलं हिमोग्लोबिन वेगवेगळं करून त्याचा प्रकार सांगते. डॉक्टर बाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. रक्तातल्या चांगल्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथं अडकतात तिथं रक्त पोचत नाही आणि तिथं कळा येतात. त्याला क्रायसिस म्हणतात. वाकलेल्या पेशी लवकर मरतात, म्हणून डोळे पिवळे आणि अंगात रक्त कमी.

"हे आईबाप दोघांकडूनही येते," बाई म्हणाल्या. "दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून कळत नाही. यात कोणाचाही दोष नाही."

माझ्या नणंदेनं फोनवर दोष आधीच ठरवला होता. "आमच्या खानदानात असं काही नाही, हे तिच्या माहेरचं आहे." मग आमच्या दोघांच्या तपासण्या झाल्या. दोघंही वाहक. प्रज्ञाच्या पप्पांनी बहिणीला फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "तूही तपासून घे, पोरांनाही घे." तिनं फोन ठेवून दिला.

नऊ दिवस आम्ही त्या वॉर्डात होतो. एका खाटेवर दोन लेकरं. संडासात पाय ठेवायला जागा नव्हती. मी प्लास्टिकच्या पिशव्या पायांना बांधून प्रज्ञाला आत न्यायची आणि ती नाक दाबून रडायची. पण त्याच वॉर्डात मला शिकवणाऱ्या बायाही भेटल्या. एका आईनं सांगितलं, पाण्याची बाटली लेकराच्या हातातून सुटू देऊ नको. थंडीत मोजे घाल. ताप आला की घरी थांबू नको, उद्या पाहू म्हणू नको. लहान लेकराचं पोट डाव्या बाजूला एकदम फुगलं आणि ते पांढरं पडलं, तर असशील तशी निघ. तिथं प्लीहा असते, तिच्यात रक्त अडकून बसते आणि काही तासांत लेकरू जाते.

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या अंगणवाडीतली चार वर्षांची परी आली.

आता त्या दोन प्रश्नांचं उत्तर.

आदल्या वर्षी आमच्या अंगणवाडीत सिकल सेलच्या तपासणीचा दिवस होता. लहान लेकरं आणि मोठ्या मुली, सगळ्यांची नावं मी यादीत लिहिली होती. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ही पहिली तपासणी होते. पंधरावीस लेकरं झाली आणि किट संपले. टीम निघून गेली. मी सुपरवायझर मॅडमला फोन केला की अर्ध्यापेक्षा जास्त बाकी आहेत.

मॅडम म्हणाल्या, "किट नहीं है तो मैं क्या बनाकर दूँ? शाम तक सूची ऊपर जानी है. बाकी सबको निगेटिव लिख दो, अगले महीने करवा लेंगे."

मी लिहिलं. यादीत एकेका नावासमोर टिक मारली आणि पुढं निगेटिव लिहिलं. प्रज्ञा त्या दिवशी शाळेत होती, तिच्याही नावासमोर टिक मारली. लहान लेकरांच्या लसीच्या कार्डांवरही मीच लिहिलं. खरं सांगते, मला त्यात काही वाईट केल्यासारखं वाटलंच नाही. अशा टिका आम्ही किती मारतो. वजन घेतलं, टिक. आहार वाटला, टिक. पुढचा महिना आला, दुसरं काम आलं आणि राहिलेली तपासणी राहूनच गेली. पुढं पुढं मलाच वाटायला लागलं की झाली असेल. म्हणून त्या खाजगी डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी इतक्या खात्रीनं सांगितलं. माझं खोटं मलाच खरं वाटून राहिलं होतं, आणि त्यात माझ्या पोरीचे तीन महिने गेले.

त्या दिवशी डॉक्टर बाईंच्या टेबलावरून उठून मी प्रज्ञाच्या खाटेपाशी गेली आणि तिची पाण्याची बाटली भरून आणली.

प्रज्ञाला हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल सुरू झाली. ती रोज घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं. तिनं आजार जात नाही, पण पेशी कमी वाकतात आणि क्रायसिस कमी येतात. घरी आल्यावर निरोप आला की सौंसरला शिबिर आहे, तिथं मुलांना कार्ड आणि औषध मिळेल.

एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. मोहगाव, लोधीखेडा, कुठून कुठून लेकरं आली होती. दहा वाजता बोलावलं आणि पाहुणे एक वाजता आले. तोवर पाणी एका ड्रममध्ये, त्यावर माशा. ज्या आजारात पाणी हेच पहिलं औषध, त्या आजाराच्या शिबिरात. मग लेकरांच्या गळ्यात कार्डं अडकवली, मंचासमोर उन्हात रांगेत उभं केलं. फोटोवाला ओरडत होता, "बच्चों, मुस्कुराओ." एक लहान मुलगी पाय दुखतात म्हणून खाली बसली तर एका माणसानं तिला काखेत धरून परत उभं केलं, फोटो होईपर्यंत.

प्रज्ञानं कार्ड गळ्यातून काढलं. "मम्मी, मी काय बक्षीस जिंकली का? चाल घरी."

औषधाच्या टेबलावर कॅप्सूल नव्हत्याच. "दवा आई नहीं है अभी तक." मी विचारलं, कधी येतील? टेबलावरचा माणूस माझं आडनाव वाचून शेजारच्याला म्हणाला, "इन लोगों में तो ये होता ही है, पीढ़ियों से." माझ्या मागं रांगेत पाटलाच्या घरची बाई आपल्या नातवाला घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली. मी त्याला म्हटलं, "ये खून में होता है भैया, आडनाव में नहीं." त्याला आडनाव म्हणजे काय ते कळलं नसेल. परतीच्या बसमध्ये मला सगळ्याची किळस येत होती, त्या हारांची, त्या माइकवरच्या आवाजाची. मग मनात आलं की या लोकांनी फोटो काढले आणि मी टिका मारल्या. मी कुठं वेगळी आहे?

दुसऱ्या दिवशी मी रेखाकडे गेली.

रेखा आणि तिचा नवरा शेतमजुरी करतात. आमच्याच वस्तीत घर. परी तिची मोठी मुलगी, चार वर्षांची, माझ्या अंगणवाडीत यायची. गाणं म्हणताना सगळ्यांच्या पुढं उभी राहायची. त्याच्या पाच-सहा महिने आधी तिला ताप आला, पोट फुगलं, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. गावात म्हणाले, पोटात कावीळ उतरली. मी मातीला गेली होती. रेखाला मिठी मारून रडलीही होती.

रेखा वावरात शेवटच्या वेचणीचा कापूस वेचत होती. दीड वर्षाची गौरी बांधावर झोळीत. मी तिला बांधावर बसवलं आणि सगळं सांगितलं. किट संपलं ते, मॅडमचा फोन, माझी टिक. परीची तपासणी झालीच नव्हती हे सांगितलं.

ती ओटीतला कापूस दाबत बसली. मग म्हणाली, "डॉक्टरनं मले इचारलं होतं ताई. सिकल सेल आहे का म्हणे. म्या कार्ड दाखवलं. त्याच्यावर तुमचं अक्षर होतं. म्या म्हटलं, आमच्या ताईनं तपासून घेतलं आहे."

मी झोळीतल्या गौरीकडे पाहिलं.

"तुमची पोरगी बिमार पडली म्हणून तुम्ही आल्या ना?" तिनं विचारलं. "तिले काही झालं नसतं, तर आल्या असत्या काय?"

मी म्हटलं, "नाही. नसती आली."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बांधावर थुंकली. माझ्या अंगावर नाही, बाजूला. मग उठून परत ओळीत वेचायला गेली. मी तिथंच उभी होती. ओळ संपवून ती आली तेव्हा म्हणाली, "गौरीले कुठं न्यायचं ते सांगा."

गौरीला आम्ही नागपूरला त्याच डॉक्टर बाईंकडे नेलं. तिला आजार निघाला. रेखा वाहक, नवरा वाहक. मी बाईंना परीचं विचारलं आणि त्यांच्या त्या दोन प्रश्नांचं उत्तरही तेव्हाच दिलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाल्या, "परीला काय होतं ते आता कोणी खात्रीनं सांगू शकणार नाही. पण गौरी लहान आहे, वेळेवर आली. हिला न्यूमोनियाची लस द्या, रोजचं पेनिसिलिन चुकवू नका. लहानपणी जंतुसंसर्गच या मुलांना नेतो." आणि मग, "बाकीच्या मुलांचं काय करणार आहात?"

मी घरी येऊन कागद लिहिला. कोणाची तपासणी झाली नाही त्या प्रत्येक नावासकट, खाली माझी सही. ऑफिसात नेऊन दिला. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पागल हो गई है क्या? अपने साथ मुझे भी डुबाएगी." मी म्हटलं, मॅडम, तुमचं नाव मी लिहिलं नाही, पण कोणी विचारलं तर सांगीन. मला कारण बताओ नोटीस आली. त्याचं अजून काही ठरलं नाही. काम जाईल किंवा राहील. मला त्याबद्दल बिचारी म्हणू नका.

किट आणायला मी चार ठिकाणी फिरली. शेवटी एक लॅबवाली बाई, जिची माझी ओळखही नव्हती, सुट्टीच्या दिवशी आपल्या स्कूटीवर किट घेऊन आली. चहासुद्धा घेतला नाही, आधी काम म्हणाली. दोन रविवारी सगळी लेकरं झाली. ज्यांच्या थेंबात शंका आली त्यांचं रक्त पुढच्या तपासणीला गेलं. गौरीशिवाय आणखी दोघांना आजार निघाला. एक कुणब्याचा, एक आमच्यातली. कुणब्याच्या घरी मी सांगायला गेली तर म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं. तीन दिवसांनी सून लेकराला घेऊन मागच्या दारानं माझ्याकडे आली.

प्रज्ञा आता नववीत आहे. कॅप्सूल पांढुर्ण्यात कधी मिळते, कधी नाही. नाही मिळाली की तिचे पप्पा नागपूरहून आणतात. सहा महिन्यांत तिला एकच मोठा क्रायसिस आला. मी तिलाही माझ्या त्या खोट्या टिकचं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मम्मी, माझ्या शाळेत कोणाचीच तपासणी खरी झाली नसेल, नाही का?" तिनं हेडमास्तरांना विचारलंसुद्धा. ते तिच्यावर खेकसले. पण तपासणी झाली.

ज्या डॉक्टर बाईंनी मला चित्र काढून समजावलं त्यांचे, त्या लॅबवाल्या बाईचे, वॉर्डातल्या त्या आईचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला एकच सांगते. लेकराचा रिपोर्ट कोणी तोंडी सांगितला तर मानू नका. कार्डावर लिहिलं तरी मानू नका. तपासणी कुठं झाली, कोणी केली, कोणत्या दिवशी, हे विचारा. समोर कोणी ओळखीचं असलं तर दोनदा विचारा.

मी आता महिन्यातून एकदा अंगणवाडीत नव्या लेकरांची तपासणी लावते. रेखा तिथं येऊन बसते. तिला मी बोलावलं नव्हतं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा बाहेरून लग्न होऊन आलेली एक सून बाळ घेऊन आली होती, जायची घाई करत होती. म्हणाली, ताई लिहून घेतील ना, मी जाते.

रेखानं तिचा हात धरून खाली बसवलं. "कागद हातात येईपर्यंत उठू नको. ताई आहे म्हणून भरवसा ठेवू नको."

मी बाजूलाच होती. सुनेनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर सांगून राहिली ती. बस." आणि लेकराचं बोट पुसायला कापूस घेतला.